बिल मिटतं, मजुरी बुडते

हातावर पोट असलेल्या घरात आजारपण आलं की खर्च सुरू होतो, आणि त्याच दिवशी कमाई बंद पडते. गेल्या पाव शतकाहून जास्त काळात महाराष्ट्राने यातल्या खर्चाला बऱ्यापैकी हात घातला. बुडालेली कमाई मात्र ज्याची त्याने सोसायची, हेच अजून चालू आहे.

१९९७ च्या जीवनदायी योजनेतून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना काही मोठ्या शस्त्रक्रियांसाठी मदत मिळू लागली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर पोहोचली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत. रुग्णालयात कागदपत्रांसाठी आरोग्यमित्र बसू लागला. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, आणि २०२३ मध्ये राज्याने उत्पन्नाची अट काढून सर्व कुटुंबांना ५ लाखांचं संरक्षण द्यायचं ठरवलं.

देशभरातलं चित्रही बदललं. आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही कमाई मोठीच आहे.

पण परांचीवरून पडून मांडीचं हाड मोडलेल्या गवंड्याचं घर पाहा. शस्त्रक्रिया योजनेत होते, पायात रॉड पडतो, बिल मिटतं. मग तीन-चार महिने त्या पायावर पुरता भार द्यायचा नाही. एसटीत चढता येत नाही, म्हणून ड्रेसिंगला आणि एक्स-रेला दर खेपेला रिक्षा. त्याचं करायला बायको घरी थांबते, म्हणजे दुसरी मजुरीही बुडते. आधी किराणावाल्याकडे उधारी वाढते, मग बचत गटाचा हप्ता थकतो, मग डोरलं गहाण पडतं. शेवटी मुकादमाकडून उचल घ्यावी लागते आणि ती फेडायला पाय पुरता सांधायच्या आत तो पुन्हा परांचीवर चढतो. थोरल्या मुलाचं कॉलेज सुटलेलं असतं, ते बहुधा कायमचंच.

यावर कायदे नाहीत असं नाही. कामावर इजा झाली तर भरपाई द्यायचा कायदा १९२३ मध्येच आला. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. पण त्यासाठी आस्थापना नोंदलेली लागते, पगार २१ हजारांच्या आत लागतो. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नाव घालायचं तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. नाक्यावर उभं राहून रोज नवा मालक शोधणाऱ्याने तो कोणाकडून आणायचा?

रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल आहे, रुग्णाचं आधार तिथे नोंदलेलं आहे, डिस्चार्ज कार्डावर विश्रांतीचे आठवडे डॉक्टर लिहूनच देतात. तेवढ्या आठवड्यांची किमान वेतनाच्या हिशेबाने मजुरी त्याच्या खात्यात जमा करायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. शस्त्रक्रियेवर सरकारने केलेला खर्चही तेव्हाच सत्कारणी लागेल, कारण हाड सांधायला जितके दिवस लागतात तितके दिवस त्याला घरी बसता येईल.