वळणावरचा वेग

५ सप्टेंबर १९७१. इटलीतल्या मोंझाच्या शेवटच्या वळणातून पाच गाड्या एका झुंडीने बाहेर पडल्या आणि समाप्तीच्या रेषेकडे सुटल्या. बीआरएमच्या पीटर गेथिनने रेषा ओलांडताना हात उंचावला. निकाल डोळ्यांनी ठरणार नाही हे त्याला दिसत होतं, आणि हात वर करणारा माणूस जिंकलेलाच असणार असं वेळ नोंदवणाऱ्यांना वाटावं, असा त्याचा हिशेब होता. तो खरोखरच जिंकला होता, अवघ्या एक शतांश सेकंदाने. त्या वेगाला हे अंतर दोन-अडीच फुटांचं होतं. दुसरा आलेला रॉनी पीटरसन, मग सेवेर, हेलवुड आणि गॅनली. पाचही जण ०.६१ सेकंदांत आटोपले. गेथिनने त्याआधी किंवा त्यानंतर जागतिक स्पर्धेतली एकही शर्यत जिंकली नाही.

त्या दिवशीची त्याची सरासरी ताशी २४२.६१५ किलोमीटर होती. फॉर्म्युला वनमधली सर्वांत वेगवान शर्यत म्हणून हा आकडा पुढे ३२ वर्षं टिकला. माणूस चंद्रावर उतरून दोनच वर्षं झाली होती, तेव्हाचा हा विक्रम मोडायला २००३ उजाडावं लागलं. मधल्या काळात इंजिनं बदलली, गाड्यांचे सांगाडे ॲल्युमिनियमचे होते ते कार्बन फायबरचे झाले, गिअर बदलायचं काम स्टिअरिंगच्या मागच्या पट्ट्यांवर आलं. मग आकडा जागचा का हलला नाही?

एक कारण अगदी साधं आहे. १९७१ चं मोंझा म्हणजे जवळजवळ अखंड सुसाट रस्ता होता. एसटीच्या मागे सायकल चिकटवून फुकटात वेग घेणाऱ्या पोरांसारखे ड्रायव्हर एकमेकांच्या मागच्या पोकळीत शिरत, ओढले जात आणि आयत्या वेळी बाहेर पडून पुढे निघत. पुढच्याच वर्षी आयोजकांनी या रस्त्यावर शिकेन घातले, म्हणजे मुद्दाम केलेली आवळ नागमोडी वळणं. आज तिथे असे तीन अडथळे आहेत. पहिल्याला तर ताशी साडेतीनशेच्या आसपास आलेल्या गाडीला शंभराच्या खाली यावं लागतं. तरीही २००३ मध्ये मायकेल शूमाखरने फेरारीतून तिथे २४७.५८५ ची सरासरी काढली. गेथिनला हे अडथळे लागलेच नव्हते. म्हणजे दोन सरासरींतला फरक ताशी पाच किलोमीटरचा असला, तरी दोन गाड्यांतला फरक त्याच्या कितीतरी पट आहे.

या खेळातला वेग नेमका कुठे वाढला, याचं उत्तर इथेच आहे. सरळ रस्त्यावरचा वेग फार जुना आहे. १९३७ साली बर्लिनच्या आवुस रस्त्यावर हर्मान लांगने मर्सिडीझमधून शर्यत जिंकली तीच २६० च्या वरच्या सरासरीने. तो रस्ता म्हणजे दोन लांबलचक सरळ पट्टे आणि टोकाला वळणं, त्यातलं एक भिंतीसारखं कललेलं. जानेवारी १९३८ मध्ये रुडॉल्फ काराचिओलाने जर्मन महामार्गावर ताशी ४३२ किलोमीटर गाठले. त्याच दिवशी तो विक्रम मोडायला निघालेला बेर्न्ड रोझेमायर प्राणाला मुकला. फॉर्म्युला वनची कुठलीही गाडी शर्यतीत या आकड्याजवळ पोहोचलेली नाही. होंडाने २००६ साली मिठाच्या वाळवंटात, बोनव्हिलला, खास प्रयत्न करून पाहिला. तिथेही अधिकृत विक्रम ४०० च्या अलीकडेच थांबला.

उलट १३ मे १९५० रोजी सिल्व्हरस्टोनला जागतिक स्पर्धेतली पहिली शर्यत झाली, तेव्हा नीनो फारीनाच्या अल्फा रोमियोची सरासरी होती ताशी १४६ किलोमीटर. गाडी दुबळी नव्हती. दीड लिटरच्या सुपरचार्जर लावलेल्या इंजिनातून साडेतीनशेच्या घरात अश्वशक्ती निघत होती आणि ते इंजिन अल्कोहोलमिश्रित इंधन असं पीत होतं, की लिटरला धड पाऊण किलोमीटरही मिळत नसे. पण टायर अरुंद, ब्रेक ड्रमचे, आणि गाडीला रस्त्यावर दाबून धरणारं तिच्या वजनाखेरीज काहीच नाही. सरळ रस्त्यावर मिळवलेलं वळणावर सोडून द्यावं लागे.

हे चित्र १९६८ साली पालटू लागलं. विमानाचा पंख विमानाला उचलतो. तोच उलटा बसवला तर गाडी जमिनीकडे दाबली जाते, हे लोटस, फेरारी आणि ब्रॅबमच्या मंडळींनी शर्यतीत आणलं. या दाबाला डाउनफोर्स म्हणतात आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. त्यामुळे काही वळणं सावकाश घेण्यापेक्षा जोरात घेणं जास्त सुरक्षित, असा उफराटा प्रकार सुरू झाला. सुरुवातीचे पंख काडीसारख्या उंच खांबांवर उभे असत. १९६९ मध्ये बार्सिलोनाला ग्रॅहम हिल आणि योखन रिंट या लोटसच्या दोन्ही ड्रायव्हरांचे पंख एकाच शर्यतीत मोडले आणि दोघेही आपटले. पुढच्याच शर्यतीत, मोनॅकोला, उंच पंखांवर बंदी आली.

पंखांची किंमत सरळ रस्त्यावर मोजावी लागते, कारण ते हवेला अडवतात. म्हणूनच १९७० साली मोंझाच्या सरावात रिंट लोटस ७२ चे पंख काढून उतरला. गाडी सरळ पट्ट्यावर लक्षणीय वेगवान झाली, पण ब्रेक मारताना तितकीच चंचल. पॅराबोलिका वळणाकडे येताना ती अचानक भरकटून कठड्यावर आदळली. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला, हे कारण सर्वसाधारणपणे मान्य झालेलं आहे. रिंट गेला आणि मरणोत्तर जगज्जेता ठरला. तारीख तीच, ५ सप्टेंबर, गेथिनच्या विजयाच्या बरोबर एक वर्ष आधीची.

पंखांनंतरची मोठी उडी गाडीच्या पोटाखाली सापडली. कॉलिन चॅपमनच्या लोटस चमूने गाडीच्या दोन्ही बाजूंचं तळच उलट्या पंखाच्या आकाराचं केलं आणि कडांना रस्त्याला टेकणारे पडदे लावले. आतली हवा वेगाने निसटते, दाब कमी होतो आणि गाडी खाली खेचली जाते. या ग्राउंड इफेक्टच्या जोरावर मारिओ आंद्रेती १९७८ चा विजेता झाला. त्याच वर्षी ब्रॅबमने मागे चक्क मोठा पंखा लावून पोटाखालची हवा उपसली. पंखा इंजिन थंड करायला आहे, असं ते साळसूदपणे सांगत. स्वीडनमध्ये निकी लाउडा त्या गाडीतून ३४ सेकंदांच्या फरकाने जिंकला. इतर संघांनी आकांडतांडव केलं आणि ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरलीच नाही.

आवडो न आवडो, या खेळाचा खरा इतिहास असाच लिहिलेला आहे. एका हाताने अभियंते वेग देतात, दुसऱ्या हाताने नियम तो काढून घेतात. पडदा एखाद्या उंचवट्यावर उचलला गेला की चिकटलेली गाडी क्षणात सुटायची. म्हणून १९८३ पासून तळ सपाट करणं सक्तीचं झालं. तोवर टर्बो इंजिनं आली होती. १९७७ साली रेनोची पहिली टर्बो गाडी इतकी धूर ओकत बंद पडायची, की तिला पिवळी किटली म्हणून हिणवलं गेलं. आठ-नऊ वर्षांत त्याच दीड लिटरमधून पात्रता फेरीपुरती हजाराच्या वर अश्वशक्ती निघू लागली. १९८५ मध्ये केके रॉसबर्गने विल्यम्स-होंडातून सिल्व्हरस्टोनची फेरी जवळपास २५९ च्या सरासरीने मारली. फारीनाच्या त्या रस्त्याची आखणी एका शिकेनचा अपवाद सोडला तर फारशी बदलली नव्हती. मग इंधनाला कात्री लागली, हवेच्या दाबाला कात्री लागली आणि १९८९ पासून टर्बोच हद्दपार झाले.

१९९४ च्या इमोलात रोलांड रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना लागोपाठच्या दोन दिवशी गेले. त्यानंतरची कपात सर्वांत कडक होती. तळाला लाकडी फळी आली, इंजिन साडेतीन लिटरवरून तीनवर आलं, १९९८ ला गाडी अरुंद झाली आणि टायरांना खाचा पडल्या. तरी दहा वर्षांत अभियंत्यांनी सगळं वसूल केलं. ब्रिजस्टोन आणि मिशेलिन यांच्यातल्या चढाओढीत टायर इतके चिकट झाले, की २००४ ला रुबेन्स बॅरिकेलोने मोंझाच्या शर्यतीत १ मिनिट २१.०४६ सेकंदांची फेरी मारली. शर्यतीतला तो विक्रम २१ वर्षं राहिला.

वेगाला आणखी एक मर्यादा आहे आणि ती कुठल्या नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतल्या कार्ट मालिकेच्या एकआसनी गाड्या टेक्ससच्या लंबगोल मैदानात उतरल्या. वळणं २४ अंशांनी कललेली. गाड्या सरासरी पावणेचारशेच्या आसपास, फेरी साडेबावीस-तेवीस सेकंदांत. अशा फेरीतला बराचसा वेळ शरीरावर पाच जीचा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाचपट भार, आणि तो क्षणभर नव्हे, फेरीमागून फेरी. ड्रायव्हर गाडीतून उतरले की चक्कर येत होती, तोल जात होता. वैद्यकीय प्रमुख स्टीव्ह ऑल्वी यांनी सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं, तेव्हा बोटांवर मोजण्याइतके सोडता सर्वांनी त्रास होत असल्याचं कबूल केलं. प्रेक्षक येऊन बसलेले असताना, सुरुवातीला दोन तास उरले असताना शर्यत रद्द झाली. गाड्या ठणठणीत होत्या.

२०२५ ची फॉर्म्युला वनची गाडी २००४ च्या गाडीपेक्षा सुमारे दोनशे किलोंनी जड होती. २०१४ पासून १.६ लिटरचं व्ही-सिक्स टर्बो आणि त्याला विजेची जोड. बॅटरी, मोटरी, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा हेलो कठडा, सगळ्याचं वजन. आवाज गेला म्हणून जुने शौकीन अजून हळहळतात आणि त्यांचं फारसं चूक नाही. पण २०२५ मध्ये मॅक्स व्हेर्स्टापेनने मोंझाला पात्रता फेरी २६४.६८१ च्या सरासरीने मारली, शर्यत २५०.७०६ च्या सरासरीने जिंकली आणि त्याच शर्यतीत लँडो नॉरिसने बॅरिकेलोचा विक्रमही पुसला. शूमाखरच्या सरासरीत बावीस वर्षांनी पडलेली भर ताशी जेमतेम तीन किलोमीटरची.

वळणाचा वाटा किती, हे पाहायला मुंबईच्या जेहान दारूवालाचं उदाहरण सोयीचं आहे. २०२१ आणि २०२२ अशी सलग दोन वर्षं त्याने मोंझालाच फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. त्या मालिकेत सगळ्यांचे सांगाडे आणि इंजिनं सारखीच. मोंझाच्या सरळ पट्ट्यावर फॉर्म्युला टूची गाडी ताशी ३३५ पर्यंत जाते, म्हणजे थोरल्या भावंडापेक्षा फार मागे नाही. पण एका फेरीत ती दहा सेकंदांहून जास्त मागे पडते. हे सेकंद बहुतेक ब्रेक मारताना, वळणातून जाताना आणि बाहेर पडून पुन्हा वेग घेताना जातात.

२०२६ च्या नियमांनी हे गणित पुन्हा विस्कटलं आहे. गाडी अरुंद केली, किमान वजन ७६८ किलोंवर आणलं आणि निम्म्याच्या आसपास ताकद विजेकडे सोपवली. पुढचे-मागचे पंख सरळ रस्त्यावर आडवे होऊन हवेला वाट देतात आणि वळणाआधी पुन्हा उभे राहतात. रिंटने स्पॅनर घेऊन काढायला लावलेली गोष्ट आता गाडीच करते. मात्र ताशी २९० च्या पुढे विजेची मदत टप्प्याटप्प्याने कमी होत जाईल, असं कलम त्याच नियमांत आहे. बॅटरी मुख्यतः ब्रेक मारताना भरते, आणि मोंझाला ब्रेक मारायच्या जागा इतर ठिकाणांहून कमी आहेत.