सर्पदंशाचे बळी आणि सातबाऱ्याचा उतारा

साप जात विचारून चावत नाही, असे लोक म्हणतात. ते खरेच आहे. परंतु अंधारात अनवाणी पायांनी कुणाला चालावे लागते, कुडाच्या घरात जमिनीवर कोण झोपते, उसाच्या फडालगत कोपी घालून कोण राहते आणि चिखलात हात घालून भाताची लावणी कोण करते, हे या देशात आधीच ठरलेले आहे. म्हणूनच सर्पदंश हा केवळ नशिबाचा प्रश्न नसून सामाजिक व आर्थिक प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

देशव्यापी मृत्यू-पाहणीच्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली. म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार! त्यात चौथ्या हिश्शाहून अधिक १५ वर्षांखालील मुले होती. बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि घरीच झाले, म्हणजे दवाखान्याची पायरीही अनेकांच्या वाट्याला आली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. केंद्र सरकारने २०२४ मध्ये कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. कागद तयार झाला. आता तो वस्तीपर्यंत पोहोचणार की नाही, हा प्रश्न आहे.

आपल्याकडे माणसे मारतात ते प्रामुख्याने चार साप: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मण्यार रात्री झोपलेल्याला चावतो. दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि श्वास बंद पडतो. ‘काहीतरी बाधले’ म्हणत घरचे बसून राहतात आणि माणूस हातचा जातो. घोणस चावल्यास रक्त गोठत नाही, मूत्रपिंडे निकामी होतात. मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचून झोपणे, रात्री बॅटरी वापरणे आणि पायात बूट घालणे या साध्या गोष्टींनी जीव वाचतात.

वस्तीतल्या कुत्र्यांचीही हीच गत. कुत्रे सापावर धावून जाते, हुंगते, आणि दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. विष तेवढेच आणि देह लहान, म्हणून ते लवकर मरते. त्याला चालवू नये, उचलून गुरांच्या दवाखान्यात न्यावे. तीच लस त्यालाही लागू पडते. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस द्यावी लागते, त्याचे कारण हेच, की साप माणूस पाहून विष कमी सोडत नाही. राखणीचे कुत्रे रात्री एकाच कोपऱ्याकडे भुंकत असेल तर त्याला दगड मारण्याआधी तिथे बॅटरी मारून पाहावे.

दंश झाल्यावर चिरा देणे, रक्त चोखणे, करकचून दोरी बांधणे हे सारे घातक आहे. हातपाय न हलवता रुग्णाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. मांत्रिकाकडे, देवळाच्या पारावर जाण्यात जो तास जातो, तोच जीवघेणा ठरतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार कुत्रा, साप वा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला हा कायदा किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे?

पण लोकांनी दवाखाना गाठला आणि तिथे लसच नसेल तर? ‘पुढे न्या’ हे उत्तर संविधानाला मान्य नाही. १९९६ साली पश्चिम बंगालच्या खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब शासनाला सांगता येणार नाही. ज्या राज्यात हाफकिनने अनेक दशके ही लस तयार केली, त्या राज्यातील आरोग्य केंद्र पावसाळ्यात लसीविना का असावे?

मेल्यानंतरचा अन्याय आणखी वेगळा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने २०२३ मध्ये आलेल्या शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. परंतु ते खातेदार शेतकऱ्याला व त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. ज्याच्या नावावर सातबारा नाही, पण जो त्याच शेतात राबताना त्याच सापाने मेला, त्या भूमिहीन मजुराच्या विधवेला ही योजना ओळखत नाही. सापाने भेद केला नाही. तो शासन निर्णयाने केला!

म्हणून आमचे म्हणणे असे: भूमिहीन शेतमजूर व ऊसतोड कामगारांना या योजनेत घ्या. आणि कार्यकर्त्यांनी मृग लागण्याआधीच आपापल्या आरोग्य केंद्रात जाऊन लसीचा साठा विचारावा, तोंडी नव्हे तर लेखी अर्ज देऊन व पोच घेऊन. दुर्दैवाने मृत्यू झालाच तर शवविच्छेदन व पंचनाम्याशिवाय अंत्यविधी उरकू नये. कागदावर न आलेला मृत्यू सरकारच्या लेखी झालेलाच नसतो.