जेनेरिक कर्नल आणि तुमचा प्रोसेसर

मागच्या भागात बूटलोडरने कर्नल मेमरीत आणून ठेवला, तिथे आपण थांबलो होतो. उबुंटू वापरणाऱ्यांनी कर्नलची आवृत्ती तपासली, तर नावाच्या शेवटी बहुधा ‘जेनेरिक’ असं दिसेल. ते वाचून अनेकांचा चेहरा पडतो. पैसे मोजून नव्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा आणि त्यावर चालणार काय, तर कुणाच्याही मशीनवर चालेल असा सरधोपट कर्नल!

एके काळी ही शंका रास्त होती. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत लिहायला घेतलेला लिनक्स फक्त इंटेलच्या ३८६ साठी होता. पुढे ४८६, पेंटियम, एएमडीचे के-६, के-७ आले आणि दर पिढीत नव्या सूचनांची भर पडत गेली. त्यामुळे डेबियनमध्ये ३८६, ५८६, ६८६, के-७ असे वेगवेगळे कर्नल ठेवावे लागत. शिवाय एकाहून जास्त प्रोसेसर असतील तर आणखी निराळा. जुन्या मशीनवर चुकून पुढच्या पिढीचा कर्नल टाकला, की तो सुरूच होत नसे.

२००६ मध्ये उबुंटूने ६८६ आणि के-७ चे स्वतंत्र कर्नल बंद करून त्यांच्या जागी ‘जेनेरिक’ आणला. त्याच वर्षीच्या २.६.१७ या कर्नलमध्ये एक कामाची युक्ती आली होती. अनेक प्रोसेसर एकाच वेळी मेमरीतल्या एकाच जागी लिहू लागले तर घोळ होतो, म्हणून अशा सूचनांच्या आधी ‘लॉक’चा एक बाइट लावतात. त्याला वेळ लागतो, आणि प्रोसेसर एकच असेल तर तो वेळ फुकट जातो. नवा कर्नल सुरू होताना प्रोसेसर मोजायचा, आणि एकच सापडला तर आपल्याच कोडमधले ते सगळे बाइट निरुपद्रवी बाइटने बदलून टाकायचा. चालू होता होता स्वतःचंच कोड खोडून लिहिणारा प्रोग्राम! मला तरी हा कर्नलमधला सर्वांत धीट भाग वाटतो.

हीच पद्धत इतर सूचनांनाही लागू आहे. ‘सीपीयूआयडी’ ही सूचना वापरून कर्नल प्रोसेसरला काय काय येतं ते विचारून घेतो. त्याच्याजवळ एक तक्ता असतो: अमुक पत्त्यावर हा तुकडा आहे, प्रोसेसरला अमुक येत असेल तर त्याऐवजी तो तुकडा बसव. नवा तुकडा लांब असला तर मावावा म्हणून काहीच न करणाऱ्या सूचना आधीपासून भरलेल्या असतात. रेडीमेड शर्टाच्या शिवणीत जादा कापड सोडतात, तशा. अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणाऱ्या रेड-६ साठी तर कर्नल निरनिराळ्या पद्धती प्रत्यक्ष चालवून पाहतो आणि सर्वांत वेगवान ठरेल ती निवडतो.

जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन या सुरक्षा-त्रुटीची भानगड उघड झाली, तेव्हाही याच सोयीचा उपयोग झाला. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरना कर्नलची पेज टेबलं वेगळी ठेवणं भाग होतं, त्याने वेग घटत होता. एएमडीला त्याची गरज नव्हती. कर्नल तोच, निर्णय बूट होताना.

मग आपल्या प्रोसेसरसाठी खास कर्नल कंपाइल करावा का? शिकण्यासाठी जरूर करा. वेगासाठी असेल तर फार आशा धरू नका. नव्या प्रोसेसरची खरी मिजास असते ती रुंद व्हेक्टर रजिस्टरांत, आणि कर्नल ती मोजक्या ठिकाणीच वापरतो. दर वेळी कर्नलमध्ये शिरताना ती जपून ठेवायची आणि निघताना परत भरायची, हा खर्च परवडत नाही. कंपाइलरला त्या सूचना कर्नलमध्ये वापरायची बंदीच असते.

जेनेरिकलाही तळ असतो, हे मात्र खरं. २०१३ च्या ३.८ आवृत्तीत कर्नलने ३८६ ला निरोप दिला, म्हणजे ज्यावर जन्मला त्यालाच. त्याच्यासाठी सांभाळाव्या लागणाऱ्या पळवाटा बाकी सगळ्यांना जड होत होत्या.

हे सगळं इंटेल-एएमडीच्या घराण्यातलं. एआरएमचा कर्नल मुळातच वेगळा कंपाइल करावा लागतो, आणि तिथली डोकेदुखी प्रोसेसरपेक्षा त्याच्याभोवतीच्या बोर्डाची जास्त. ती पुढच्या भागात.