न्हावा-शेवा : डब्यांचं बंदर

बंदर म्हटलं की अजूनही आपल्या डोळ्यांपुढे पाठीवर पोती घेतलेले हमाल येतात. मुंबई बंदरावरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे, उरण तालुक्यात, २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. तिथे दिसतात ते लोखंडी डबे, म्हणजे कंटेनर. निर्यातीच्या कागदपत्रांसाठी माझं तिथे नेहमी जाणं होतं. चला, नाशिकच्या द्राक्षांच्या एका डब्याबरोबर आपण आत जाऊ.

फाटकावर डब्याचा क्रमांक, सील आणि कागद तपासतात. आत पसरलेलं असतं यार्ड. इथे प्रत्येक डब्याला पत्ता असतो : कोणता विभाग, कोणती ओळ, कितवा मजला. रबरी चाकांवरच्या उंच क्रेन डबे रचतात. रेल्वेने आलेल्या डब्यांसाठी बंदरातच रूळ आहेत. यार्डापुढे धक्का, आणि धक्क्यावर रुळांवरून सरकणाऱ्या प्रचंड क्रेन. डब्याचे चार कोपरे पकडून त्या तो थेट जहाजावर ठेवतात. मोजणी वीस फुटी डब्याच्या हिशेबाने होते. चाळीस फुटी डबा दोन धरतात.

रचनेलाही शास्त्र आहे. जड डबे खाली, हलके वर. पुढच्या बंदरात आधी उतरायचा डबा इतरांखाली दडपून चालत नाही. म्हणूनच वजन खरं सांगावं लागतं. खोट्या वजनाने रास कोसळू शकते, जहाजाचा तोल बिघडू शकतो. खलाशांचा जीव त्यावर अवलंबून असतो. १ जुलै २०१६ पासून, प्रमाणित वजन कळवल्याशिवाय भरलेला डबा जहाजावर चढवू नये, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे.

आपल्या द्राक्षांचा डबा मात्र शीतडबा. आतलं तापमान शून्य अंशाच्या आसपास राखायचं. रस्त्यात त्याला जनरेटरची वीज, यार्डात प्लगची, जहाजावर पुन्हा प्लगची. एका प्लगमधून दुसऱ्यात जाईपर्यंतचा वेळ जितका थोडा, तितकं बरं. कागदात एक चूक निघाली आणि जहाज चुकलं, तर पुढच्या जहाजापर्यंत थांबावं लागतं. मालाचं आयुष्य तेवढं कमी होतं, परदेशातला भाव पडतो, आणि तो तोटा फिरून बागाईतदाराच्या अंगावर येतो.

बाहेरून पाहणाऱ्याला सगळे डबे सारखेच दिसतात. मला मात्र कागदावर सही घेताना आठवतं, की या पत्र्याआड कुणाचं तरी वर्षभराचं पीक आहे.