पांढरा म्हणजे नेमका कोणता पांढरा?



दिवाळीआधी घर रंगवायला काढलं, म्हणून आम्ही बर्डीवर रंग घ्यायला गेलो. शेडकार्डवर ऑफ-व्हाइटच्या चार पट्ट्या होत्या. मला चारही सारख्याच वाटल्या, एकीवर बोट ठेवलं. मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत दोन हात झाले अन् भिंत चक्क गुलाबी दिसू लागली! मुलीने वहीचं कोरं पान भिंतीला लावलं आणि म्हणाली, "आई, हे पांढरं आहे. भिंत नाही." मशीनवर मिसळलेला रंग परत होत नाही, त्यामुळे पैसे गेलेच. चूक दुकानदाराची नव्हती, माझ्या बघण्याची होती.

झाक का दिसत नाही?

ऑफ-व्हाइट म्हणजे पांढऱ्यात किंचित दुसरा रंग. पिवळा असला तर सायीसारखा, काळा असला तर करडा. पट्टी एकटी पाहिली की डोळा तिला पांढरंच समजतो. शेजारी कोरा कागद आला की झाक उघडी पडते. शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला दिसतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडलं. विणकामाच्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. दोष काळ्या रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता.

प्रकाशाचा खेळ

पांढऱ्या ट्यूबचा प्रकाश साधारण ६५०० केल्विनचा, निळसर असतो. पिवळ्या बल्बचा २७०० च्या आसपास. म्हणून दुकानात पांढरी वाटलेली शेड घरी पिवळट दिसू शकते. शिवाय बाहेरचा रंगही आत येतो. आमच्या खिडकीसमोर विटकरी भिंत आहे. तिच्यावरून आलेल्या उन्हाने आमची शेड गुलाबी केली. त्यात चारही भिंती एकमेकींवर प्रकाश टाकतात, त्यामुळे पट्टीवरची पुसट झाक खोलीत गडद होते.

मग निवडायचं कसं?

१. शेड कोऱ्या कागदावर ठेवून पाहा. दोन-तीन शेड एकमेकींशेजारी ठेवा.
२. छोटा डबा आणून मोठ्या कार्डशीटला दोन हात द्या. वाळल्यावरच ठरवा.
३. ती शीट खोलीच्या प्रत्येक भिंतीवर सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा.
४. फरशी आणि पडदे यांच्या शेजारी धरा.

दुसऱ्या खोलीला आम्ही असंच केलं. दुकानात आवडलेली शेड बाद झाली, नावडती पास झाली!

वर्गासाठी उपक्रम

मुलांना खडू, मीठ, तांदूळ, कापूस, कागद आणायला सांगा. सर्वांत पांढऱ्यापासून क्रम लावू द्या. मग तेच सामान व्हरांड्यात नेऊन पुन्हा क्रम लावा. क्रम बदलला तर लगेच उत्तर सांगू नका बरं का, "का बदलला?" एवढंच विचारा. तुलना केल्याशिवाय निरीक्षण पूर्ण होत नाही, हे मुलं स्वतःच शोधतील.