कारखान्याचे बोलावणे

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर नवी मोटार दारात येते. तिला हार घातला जातो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, आणि कारखान्याशी असलेला आपला संबंध आता संपला असे आपण मानतो. पुढे एखाद्या दिवशी कंपनीचे पत्र येते: आपल्या गाडीतील अमुक भाग सदोष असण्याचा संभव आहे, तरी तपासणीसाठी गाडी आणावी. घरात लगेच दोन मते निघतात. एक म्हणतो, गाडी उत्तम चालते आहे, ही उठाठेव कशाला? दुसरा म्हणतो, आपण फसलो. वाचकहो, ही दोन्ही मते घाईची आहेत.

मोटारीत हजारो सुटे भाग असतात आणि त्यांतील पुष्कळसे निरनिराळ्या कारखान्यांतून येतात. एखाद्या भागाच्या घडणीत चूक राहिली, तर ती एकाच गाडीत न राहता त्या दिवसांत बनलेल्या सर्व गाड्यांत शिरते. मात्र प्रत्येक गाडीला स्वतंत्र चासी क्रमांक असल्यामुळे, सदोष भाग कोणत्या गाड्यांत गेला हे कारखान्याला शोधून काढता येते. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकी कंपनीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. त्या ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात तयार झालेल्या होत्या. टक्कर झाल्यास एअरबॅग उघडण्याची आज्ञा देणाऱ्या यंत्रणेत दोष असण्याची शंका होती. भाग बदलून मिळेपर्यंत गाडी चालवू नये, असा सल्लाही कंपनीने दिला होता. असा दोष चालकाला जाणवणारच नाही. तो कळेल तो अपघाताच्याच क्षणी.

काही दोष तर वर्षांनी पिकतात. जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगा फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट हे रसायन वापरले जाई. उष्ण व दमट हवेत काही वर्षे राहिल्यावर ते बिघडे, आणि मग अपघाताच्या वेळी इतक्या जोराने जळे की धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे माणसांच्या अंगात घुसत. जीव वाचवण्यासाठी बसवलेली वस्तूच अनेकांच्या मृत्यूस कारण झाली. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख यंत्रणा परत बोलवाव्या लागल्या. भारतातही गाड्या बोलावल्या गेल्या. २०१७ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. समुद्रकाठच्या दमट हवेत राहणाऱ्या कुटुंबांनी हे उदाहरण विशेष ध्यानात ठेवावे.

आपल्या देशात २०१२ पासून मोटार कारखानदारांनी दोष आपणहून जाहीर करण्याची आचारसंहिता स्वीकारली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याखालील नियम अमलात आले. दोष पर्यावरणास, प्रवाशांस किंवा रस्त्यावरील इतरांस घातक ठरणारा असेल, तर गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. नियमांनुसार दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. मात्र जो कारखानदार स्वतः होऊन दोष कळवतो व गाड्या बोलावतो, त्याला हा दंड नाही. चूक लपवण्यापेक्षा ती कबूल करणे सोपे जावे, हा यामागील हेतू उघड आहे. म्हणून असे पत्र आले की कंपनीला नावे ठेवण्याआधी गाडी तपासून घ्यावी.

परंतु पत्र पोचलेच नाही तर? बदलीच्या नोकरीमुळे पत्ता बदलतो. जुनी घेतलेली गाडी असेल, तर पत्र पहिल्या मालकाच्या घरी जाते. म्हणून नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात किंवा तिच्या संकेतस्थळावर अधूनमधून चौकशी करावी. नवा पत्ता कंपनीला कळवावा. या दुरुस्तीचे पैसे मालकाने द्यावयाचे नसतात. काम झाल्याची लेखी नोंद मात्र मागून घ्यावी. आणि विकलेल्या गाडीचे पत्र आपल्याकडे आले, तर ते टाकून न देता नव्या मालकाला पोचवावे. त्या गाडीत आता दुसऱ्या कुणाची मुले बसत असतील.