छिन्नमनस्कता, शारीरिक हालचाल आणि चयापचयाचे आरोग्य

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, या आजाराच्या एका दुर्लक्षित अंगाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या आजाराचे रुग्ण इतरांपेक्षा सरासरी १० ते २० वर्षे आधी मृत्यू पावतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. त्याचे कारण केवळ आत्महत्या असावे, हा समज अपुरा आहे. बहुसंख्य मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक व्याधींनी होतात.

ओलान्झापीन व क्लोझापीन ही औषधे भ्रम आणि भास आवरतात; परंतु भूक वाढवितात, वजन वाढवितात आणि मधुमेहाची शक्यताही वाढवितात. त्यात आजारातून येणाऱ्या निरुत्साहाची भर पडते. घरची मंडळी त्यालाच आळस म्हणतात. वस्तुतः तो आजाराचाच भाग होय. लोकलज्जेपायी रुग्णाला घरात ठेवले, की उरलेली हालचालही संपते.

आपल्याकडे वजनकाटा फसवा ठरतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, भारतीय शरीर वरून सडपातळ दिसले तरी त्यात चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. म्हणून शिंप्याची टेप अधिक उपयोगी. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरपर्यंत पोहोचला, की सावध व्हावे. औषध सुरू करतानाच घेर, वजन, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व रक्तातील चरबी यांची नोंद घ्यावी, आणि तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. आकडे वाढले म्हणून औषध परस्पर बंद करणे मात्र घातक आहे. औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच.

व्यायामाने वजन फारसे उतरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हृदयाची क्षमता मात्र सुधारते. बेंगळुरूच्या निम्हान्समधील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषधांच्या जोडीला काही रुग्णांना योग, तर काहींना व्यायाम शिकविला गेला. चार महिन्यांनी दोन्ही गटांची लक्षणे कमी झाली, योगाच्या गटाची अधिक.

खामगावहून नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. चालण्यासाठी मात्र नागपूर गाठावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविते. विदर्भातील उन्हाळ्यात ती भल्या पहाटेच शक्य. पण रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उतरलेली नसते. अशा वेळी सूर्यास्तानंतर घरातील कोणीतरी सोबत घेऊन फिरावे. एकट्याला पाठविले, तर तो चौथ्या दिवशी जात नाही.

हा आजार बहुधा पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा विशीत, म्हणजे नेमका महाविद्यालयीन वयात, सुरू होतो. वर्षभराच्या खंडानंतर असा विद्यार्थी परततो, तेव्हा आपण त्याची हजेरी आणि राहिलेले विषय पाहतो. त्याची संमती घेऊन शारीरिक शिक्षण संचालकांशी बोलावे, आणि संध्याकाळी मैदानावर चार फेऱ्या मारायला त्याला एक सोबती मिळवून द्यावा.